तांबेपुऱ्याचा निकाल

माणूस खोटं बोलतो, थर्मामीटर बोलत नाही, असं रेणुकाबाईंचं ठाम मत होतं. बारा वर्षं त्या आदिलाबादच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या घरात चहाची पत्ती सपाट चमच्यानेच पडे, आणि नवरा माणिकराव "आत्ता आलो" म्हणून बाहेर पडले की त्या घड्याळाकडे बघून ठेवत.

त्यामुळे ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात सरकारच्या कुठल्याशा खात्याने शहरातल्या मोहल्ल्यांचं आरोग्य आणि राहणीमान मोजायचं ठरवलं, तेव्हा शाळेत दोन गट पडले. आरोग्य मोजायचा हुकूम आल्याबरोबर बाकीचे सगळे शिक्षक आजारी पडले आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला धावले. दुसऱ्या गटात एकट्या रेणुकाबाई होत्या.

"तीन दिवस," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. "बेचाळीस घरं, वीस प्रश्न, शंभर मार्क. आपल्या तांबेपुऱ्याची तब्येत दशांशापर्यंत काढून देते."

माणिकराव तहसीलमध्ये कारकून होते. सरकारी कागदाचं त्यांना कायमचं अजीर्ण. "काढ," ते म्हणाले. "आमच्या तहसीलनं पाच वर्षं विहिरी मोजल्या. त्यात एक विहीर हरवली."

रेणुकाबाईंच्या उत्साहाचं खरं कारण मात्र आतल्या खोलीत बसून खोकत होतं. त्यांच्या सासूबाई, जयवंताबाई. तांबेपुरा होता जिनिंग मिलच्या पाठीमागे. दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागत, आणि मग संक्रांतीपर्यंत मोहल्ल्यातली हवा श्वासाबरोबर चावून घ्यावी लागे. जयवंताबाईंना दमा. दवाखाना रेल्वे फाटकाच्या पलीकडे. मागच्या हिवाळ्यात त्यांचा श्वास अडकला तेव्हा रिक्षा नेमकी बंद फाटकापाशी पंचवीस मिनिटं उभी राहिली. बरं, गाडी तरी यावी? एक रिकामं इंजिन आलं, जरा थांबलं, आणि काहीतरी विसरल्यासारखं परत गेलं.

आणि मोजणीच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की ज्या मोहल्ल्याला सगळ्यात कमी मार्क पडतील तिथे सरकारी दवाखाना उघडेल, रोज नर्स येईल, औषधं मिळतील. मात्र हे लोकांना आधी सांगायचं नाही, नाहीतर उत्तरं वाकडी होतील. रेणुकाबाईंना हे तंतोतंत पटलं. त्या वाक्याखाली त्यांनी पट्टी ठेवून रेघ ओढली.

परिपत्रकातली एकच गोष्ट त्यांना पटली नाही. "एकूण मार्कांचा रकाना दफ्तरात भरला जाईल." दफ्तरात बेरजा कशा होतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं लग्न एका दफ्तराशीच झालं होतं. बेरीज जागच्या जागी आपणच करायची, असं त्यांनी ठरवलं आणि पिशवीत शाळेतला लाल पेन टाकला.

पहिलं घर देवकाबाईंचं. त्यांचा पोरगा रेणुकाबाईंच्याच वर्गात होता, त्यामुळे देवकाबाईंनी आधी चहा टाकला आणि मग विचारलं, "पोरानं काई केलं का जी?"

"नाही हो. सरकारी कागद आहे. खरं ते सांगायचं. घरात कोणी आजारी?"

"पोराले थंडीताप येऊन-जाऊन राह्यते. पोराच्या बापाचे गुडघे. माझी कंबर. बुढी तं हायेच."

"पाणी?"

"नळ आला तं नळाचं. नाई आला तं नाल्याकडच्या विहिरीचं."

"झोप किती तास?"

"मच्छर झोपले का आमी झोपतो."

शेवटचा प्रश्न जरा अवघड होता. "आयुष्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का? शून्य ते पाच."

"म्हंजे काय?"

"म्हणजे सगळं बरं चाललंय, असं कधी वाटतं का?"

देवकाबाईंच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना अजून कोणी विचारला नव्हता. "नळ आला का वाटते," त्या म्हणाल्या.

नळ दिवसाआड येई. रेणुकाबाईंनी हिशोब करून अडीच मार्क दिले. मग बारा वर्षांच्या सवयीने लाल पेन काढला, समासात मार्क मांडले, बेरीज केली, खाली एकतीस लिहिले आणि त्याभोवती सुबक गोल काढला.

देवकाबाईंनी मान लांब करून पाहिलं. पास व्हायला पस्तीस लागतात, हे मोहल्ल्यातल्या शेळ्यांनाही माहीत होतं.

"नापास?"

"अहो, ही परीक्षा नाही."

"मंग मार्क काऊन हाय?"

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. रेणुकाबाईंनी चहा पिऊन टाकला.

"रविवारी नार्नूरचे पाव्हणे येऊन राह्यले, पोरीले पाहाले," देवकाबाई पडक्या आवाजात म्हणाल्या. "घर नापास हाय म्हून सांगू का त्याईले?"

संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली. अठ्ठावीस, तेहतीस, सव्वीस. जिनिंग मिलमध्ये गाठी बांधणारा चंपत एकोणीसवर आला. त्याची बायको सखूबाई कागदाकडे बघून म्हणाली, "अवं बाई, आमच्या पोराले गणितात तेवीस हायेत. बाप पोराच्या खाली गेला नं." आणि तिने दार लावून घेतलं.

रेणुकाबाई मात्र घरी आल्या त्या तरंगतच. "सरासरी अठ्ठावीस पूर्णांक चार," त्यांनी माणिकरावांना सांगितलं. "दवाखाना आलाच समजा."

आतून खोकल्याची एक उबळ आली आणि तिच्या मागून जयवंताबाई. "अठ्ठावीस? सारा मोहल्ला नापास केला माय? लोकं थुकतीन आपल्या दारात."

लोक थुंकले नाहीत. लोकांनी अभ्यास सुरू केला.

मोहल्ल्यात उद्धवराव म्हणून एक रिटायर हेडमास्तर होते. नापास पोरांना सप्लिमेंटरीत पास करून देण्यात त्यांची हयात गेली होती. हातपंपापाशी सगळे जमले तेव्हा त्यांनी सगळ्यांना धीर दिला. "एकदा नापास झालं म्हंजे माणूस बुडत नाई. सप्लिमेंटरी असते. देवकाबाई, प्रश्न सांगा." देवकाबाईंनी वीसच्या वीस प्रश्न घडाघडा सांगितले. इतकं लक्ष त्यांच्या पोराने एकदा दिलं असतं, तर तो जिल्ह्यात पहिला आला असता. उद्धवरावांनी पाटीवर उत्तरं उतरवली आणि मोहल्ल्याकडून म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाबाई बाराव्या घरी बसल्या.

"पाणी कोणतं पिता?"

"उकळून, गाळून, थंडं करून."

"झोप?"

"आठ तास. शांत."

"घरात कोणाला ताप?"

"ताप म्हंजे काय?" घरातला म्हातारा म्हणाला. त्याच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या.

तेराव्या घरी तेच. चौदाव्या घरीही उकळून, गाळून, थंडं करून, त्याच क्रमाने, त्याच चालीत. एका ठिकाणी त्यांनी "रात्री काय जेवता?" विचारलं तर "आठ तास" असं उत्तर आलं. घरधनीण एक प्रश्न पुढे धावली होती.

वर्गात कॉपी पकडण्यात रेणुकाबाईंचा हात कोणी धरत नसे. पण परिपत्रकातला नववा नियम होता, की माणूस जे सांगेल तेच लिहावं, मोजणाऱ्याने आपलं मत घालू नये, आणि कोणाला उत्तर दुरुस्त करायचं असेल तर करू द्यावं. नियम म्हणजे नियम. त्या ओठ आवळून लिहीत गेल्या. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव.

दुपारी घरी आल्या तर कालची अकरा नापास घरं त्यांच्या ओट्यावर रांगेत बसलेली. सगळ्यांत पुढे चंपत. त्याच्या तळहातावर शाईने काहीतरी बारीक लिहिलेलं होतं आणि घामाने ते फुटलं होतं. तरी त्याला शहाण्णव पडले.

"शंभर काऊन नाई?" त्याने विचारलं.

"चार नाल्याचे गेले. घराशेजारी उघडा नाला आहे ना."

"नाला मी खोदला का?"

"नाही."

"मंग त्याचे मार्क माह्ये काऊन कापता? ज्यानं खोदला त्याचे कापा."

रेणुकाबाईंनी या प्रश्नाचाही विचार केला. एकूण मोजणीत इतका मुद्द्याचा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, छापील वीस धरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मोडला. हातपंपापाशी लोकांना जमवलं आणि सगळं सांगून टाकलं. ज्या मोहल्ल्याचे मार्क कमी, त्याला दवाखाना. म्हणून खरं बोला. गुडघे सांगा, कंबर सांगा, विहीर सांगा.

"कमी मार्कवाल्याले बक्षीस?" चंपत म्हणाला. "कोन्या सरकारात?"

उद्धवराव हसले, पोरगं चुकल्यावर मास्तर हसतात तसे. "बाई, माह्या नातवाले तुमी सांगतलं होतं, कमी मार्क पडले तं शेळ्या राखा लागतीन. आता म्हंता, कमी मार्क पडले तं दवाखाना भेटन. आमी कोन्तं लिहून घ्यावं?"

"मी सांगतो काय हाय ते," देवकाबाई शेजारणीला म्हणाल्या. आवाज हळू होता, पण ऐकू जाईल इतकाच. "बाई कोन्या दुसऱ्या मोहल्ल्याले फितूर झाल्या. आपल्याले नापास करून राह्यल्या."

रेणुकाबाईंनी बारा वर्षं वर्गात जे पेरलं होतं, ते असं एकदम उगवलं.

आता एकच आशा होती. दुपारी तपासणीला वरून रामुलू नावाचे सुपरवायझर यायचे होते. पाच घरं ते स्वतः बघणार होते. कान फसतील, डोळे कसे फसतील?

रामुलू सार तीन वाजता राजदूत फटफटीवर आले. भला माणूस, हातात वही. मराठी त्यांना येत नव्हतं आणि हिंदी ते तेलुगूच्या चालीवर बोलत. पहिलं घर देवकाबाईंचं. आत खाटेवर मच्छरदाणी टांगलेली, कोपऱ्याला हिरवं ठिगळ. शेजारी स्टीलचा पाण्याचा फिल्टर. रेणुकाबाई चमकल्या. मच्छरदाणी उद्धवरावांची होती, रिटायर झाले तेव्हा शाळेने दिलेली. मोहल्ल्यात ती एकच होती. फिल्टरही मोहल्ल्यात एकच होता, आणि तो सकाळी रेणुकाबाईंच्या स्वयंपाकघरात होता.

दुसऱ्या घरी मच्छरदाणी होती, कोपऱ्याला हिरवं ठिगळ. फिल्टरही होता. तिसऱ्या घरीही तेच. साहेब पुढच्या दाराने बाहेर पडत, तेव्हा सामान मागच्या दाराने शेजारी पोचलेलं असे. चौथं घर चंपतचं. तिथे फिल्टर अजून हिंदकळत होता आणि त्याच्याजवळ चंपत धापा टाकत उभा होता.

"बहोत अच्छा, टीचरम्मा," रामुलू सार हरखून म्हणाले. "सब घर में सेम टु सेम फिल्टर. कौनसा स्कीम है?"

मग ते वाकले. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. फिल्टरच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं, "रेणुकाच्या लग्नात मामाकडून सप्रेम भेट." बाई साहेबांच्या लेखी नुसत्या टीचरम्मा होत्या. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "रेणुका. लग्न. लग्न याने शादी ना? ये रेणुका कौन है?"

"हमारी बेटी, साब," चंपत म्हणाला.

"उमर कितना?"

चंपतच्या पायाला त्याची धाकटी मिठी मारून उभी होती. ती दिसत असल्यामुळे खोटं बोलायला वाव नव्हता. "चार साल."

साहेबांची वही थांबली. "चार साल? शादी हो गया?"

"नाई साब," चंपतला ऐन हिवाळ्यात घाम फुटला. "होनेवाली हाय. बाद में. बीस साल के बाद. बर्तन पयले ले के रखा."

रामुलू सारांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत आदर दाटला. आयुष्याच्या नियोजनाच्या रकान्यात त्यांनी पाचपैकी पाच लिहिले.

रेणुकाबाईंच्या जिभेवर एकच वाक्य होतं. तो फिल्टर माझा आहे. पण ते बोललं की चंपत खोटा ठरणार, मग बाकीचे चाळीस कागद खोटे ठरणार, मग फिल्टर का फिरतोय याची चौकशी होणार, आणि त्यातून सकाळी हातपंपापाशी कोणी काय सांगितलं तेही निघणार. सखूबाई दारामागून हात जोडून उभी होती. रेणुकाबाईंनी ते वाक्य गिळलं. पाचवं घर अजून बाकी होतं. पाचवं घर त्यांचं स्वतःचं. आपल्या घराची मोजणी आपण करायची नाही म्हणून त्यांनी तो कागद कोराच ठेवला होता, आणि तिथे पाटीवरची उत्तरं चालणार नव्हती. जयवंताबाईंचा खोकला पार सडकेवर ऐकू जाई. तो कोण लपवणार?

घरात शिरताच रेणुकाबाई थबकल्या. जयवंताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खोलीत चिडीचूप होतं. मच्छरदाणी होती. फिल्टर परत आला होता.

"नमस्ते अम्मा. तबियत कैसा है?"

जयवंताबाई हसल्या. तोंड मात्र उघडलं नाही. पाची बोटं पसरून हात वर केला. पाचपैकी पाच.

"नींद?"

पाच बोटं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"सांस का तकलीफ?"

जयवंताबाईंनी मान हलवली. नाही. चेहरा आता जांभळ्या वांग्याच्या रंगाचा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कितना खुश है," रामुलू सार म्हणाले. "आँख भर आया."

"सार, यांना दमा आहे," रेणुकाबाईंना राहवलं नाही. "बारा साल से. हर हिवाळ्यात... हर ठंडी में अस्पताल नेना पडता है." घाईत त्यांचं हिंदी मराठीच्या अंगावर कोसळलं.

साहेबांनी सुनेकडे पाहिलं, मग सासूकडे. सासू उठल्या, पाठ सरळ ठेवून फिल्टरपाशी गेल्या, पेला भरला आणि साहेबांपुढे धरला. एकदाही खोकल्या नाहीत.

"टीचरम्मा," रामुलू सार हळुवारपणे म्हणाले, "रूल नंबर नाइन. जो बोले वही लिखना. अपना मत नहीं डालना." आणि त्यांनी लिहिलं.

राजदूत सुरू झाली. कोपऱ्यावर वळली. मग जयवंताबाईंच्या छातीतून जो आवाज निघाला, त्याने जिनिंग मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. रेणुकाबाईंनी त्यांना धरून बसवलं, पाठ चोळली, वाफ दिली. चाळीस मिनिटांनी दोन श्वासांच्या मध्ये जरा जागा झाली.

"किती... पडले?" जयवंताबाईंनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"सारे बोलून राह्यले होते... बाईचंच घर नापास होईन म्हून." त्यांनी सुनेचा हात थोपटला. "केलं तुले पास."

रेणुकाबाईंनी त्यांना पाणी दिलं. फिल्टरमधलं.

महिन्याभराने निकाल लागला. तांबेपुरा पंच्याण्णव पूर्णांक सहा, शहरात पहिला. मोहल्ल्याला लाकडी ढाल मिळाली. ती उद्धवरावांनी हातपंपामागच्या भिंतीला ठोकली. नार्नूरच्या पाव्हण्यांनी ती येता येता पाहिली आणि देवकाबाईंच्या पोरीची सोयरीक चहाच्या आधीच जमली.

सगळ्यात कमी मार्क पडले फाटकापलीकडच्या ऑफिसर कॉलनीला. चौतीस. तिथल्या घरांत बीपी होतं, शुगर होती, ॲसिडिटी होती, एका इंजिनियरच्या बायकोला तर मायग्रेन होतं आणि ते कोणत्या बाजूला आहे याचा रिपोर्टही होता. तांबेपुऱ्यात नुसतं दुखत असे. त्यातून आयुष्याबद्दलच्या समाधानाच्या रकान्यात साऱ्या कॉलनीने शून्य घेतलं होतं, कारण सगळ्यांचीच आदिलाबादला बदली झाली होती. सरकारचं मन द्रवलं. दवाखाना कॉलनीत उघडला.

"तुझा थर्मामीटर बरोबरच होता," माणिकराव म्हणाले. "पण पाऱ्यालाही पास व्हायचं होतं, त्याला तू काय करणार?"

फेब्रुवारीत जयवंताबाईंचा श्वास पुन्हा अडकला. रिक्षा, फाटक, वीस मिनिटं. नव्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्या पुऱ्या वाकल्या होत्या. तिथे भिंतींच्या रंगाचा वास येत होता, औषधांची कपाटं भरलेली होती, आणि रांग अजिबात नव्हती. कॉलनीतले लोक हैदराबादच्या डॉक्टरकडे जात. नर्स मराठीच होती, बोलायला मऊ.

"या आजी, बसा. काय होतंय?"

जयवंताबाईंनी धापा टाकत तोंड उघडलं. नर्सने समोर कागद ओढला, टेबलावर निळा पेन चाचपला, सापडला नाही, म्हणून खिशातला लाल काढला.

जयवंताबाई ताठ झाल्या. खोकला गिळताना घशात एक गोळा वरून खाली गेलेला रेणुकाबाईंना स्पष्ट दिसला.

"मले काई नाई," त्या म्हणाल्या. "सुनेचं डोकं दुखते. ते पाहा."

नर्सने रेणुकाबाईंकडे पाहिलं. रेणुकाबाईंना नववा नियम आठवला. त्यांनी डोकेदुखीच्या दोन गोळ्या मुकाट्याने घेतल्या, आणि एक तर तिथेच खाल्ली, कारण एव्हाना ते खरंच दुखत होतं.